एलजीबीटी आयुष्यांवर पहिला माहितीपट करताना

शूटिंग संपलं की आपण कॅमेरा बॅगेत भरून घरी येतो. ज्यांनी आपल्यासमोर मन मोकळं केलं ती माणसं मात्र त्याच गल्लीत, त्याच घरमालकाच्या खोलीत, त्याच ऑफिसात राहतात. आशियात एलजीबीटी लोकांवर माहितीपट करायचा असेल, तर कॅमेरा कुठला आणि पैसा कुठून याच्या आधी ही गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय, अगदी माइक कुठे लावायचा हासुद्धा, तिच्यावरूनच ठरतो. फोनवर शूट करणारे विद्यार्थी किंवा पहिल्यांदाच दोन-तीन जणांची टीम जमवणारे, अशांसाठी हे लिहितेय. मी स्वतः ज्या क्रमाने काम करते, तोच क्रम ठेवलाय.

गोष्ट लहान करा

नवख्यांच्या प्रस्तावात हमखास एक वाक्य असतं: "एलजीबीटी समाजाचा संघर्ष दाखवायचा आहे." एवढ्या मोठ्या वाक्यातून फिल्म निघत नाही. तालुक्याच्या गावात लग्नाचा तगादा सोसणारी शिक्षिका, डेऱ्यात गुरूसोबत राहणारी हिजडा, यल्लम्माची परडी घेऊन जोगवा मागणारा जोगता आणि आखातात नोकरी करून घरी पैसे पाठवणारा समलिंगी मुलगा, यांची आयुष्यं एकमेकांना क्वचितच शिवतात. चौघांना एका तासात कोंबलं की चौघंही नुसती उदाहरणं होऊन बसतात.

त्यापेक्षा एक माणूस निवडा आणि त्याच्या आयुष्यात येत्या काही महिन्यांत घडणारी एक गोष्ट निवडा. भावाचं लग्न, भाड्याच्या खोलीचा शोध, कागदपत्रांवरचं नाव बदलण्याची खटपट. भारतात २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. पण त्या एका कागदानंतर आधार, बँक, गुणपत्रिका, पॅन अशी रांग लागते. फाइल छातीशी धरून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाणारी बाई, यात अख्खी फिल्म आहे.

लहान गोष्ट किती खोल जाते ते पाहायचं असेल तर तैवानच्या ह्वांग हुई-चेन यांचं काम पाहा. त्यांनी स्वतःच्या समलिंगी आईवर माहितीपट केला. आई अंत्यविधी करणारी ताओ धर्मातली पुरोहित. एका घरात राहून मायलेकी एकमेकींशी धड बोलतही नव्हत्या. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून झालेलं एक अवघड संभाषण, हा त्या फिल्मचा गाभा. २०१७ मध्ये बर्लिन महोत्सवात तिला टेडी हा एलजीबीटी विषयांवरच्या चित्रपटांचा पुरस्कार मिळाला.

एक इशारा देऊन ठेवते. सहज सापडणारी माणसं बहुतेक वेळा मोठ्या शहरातली, इंग्रजी बोलणारी, मुलाखतींना सरावलेली असतात, आणि त्यातही पुरुषच जास्त. समलिंगी बायका कमी दिसतात, कारण त्यांना एकटीने घराबाहेर घालवायला दोन तासही मिळत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला तिप्पट वेळ लागेल. तो वेळ आराखड्यात आधीच धरा.

त्यांचे शब्द शिका

भाषा शिकल्याशिवाय कॅमेरा काढू नका. स्त्री-पुरुष या दोन चौकटींत न बसणाऱ्या माणसांना प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव आहे: पाकिस्तानात ख्वाजासरा, नेपाळात मेटी, तमिळनाडूत तिरुनंगै, थायलंडमध्ये कथोई, फिलिपिन्समध्ये बाकला. इंडोनेशियातला 'वारिया' हा शब्द 'वनिता' म्हणजे स्त्री आणि 'प्रिया' म्हणजे पुरुष यांच्या जोडातून आला. तिथल्या अनेक जणींना आता 'ट्रान्सपुआन' म्हणजे पारलिंगी स्त्री हा नवा शब्द जवळचा वाटतो. चिनी भाषेत समलिंगी लोकांनी 'तोंगझी' म्हणजे 'कॉम्रेड' हा क्रांतीतला शब्दच आपलासा केला. या सगळ्यांना मराठी सबटायटलमध्ये सरसकट 'तृतीयपंथी' किंवा 'समलैंगिक' करून टाकलं, तर ज्यासाठी एवढ्या लांब गेलात तेच हरवतं. मूळ शब्द ठेवा, अर्थ दृश्यातून कळू द्या.

आपल्याकडेही तेच. जोगता आणि हिजडा या वेगळ्या परंपरा आहेत. एकीचं नातं देवीशी, दुसरीचं घराण्याशी आणि गुरूशी. शिवी म्हणून वापरले जाणारे शब्द समाजातली माणसं आपसात मायेने वापरतात, म्हणून आपल्याला ते वापरण्याचा हक्क मिळत नाही. पहिल्या भेटीत सरळ विचारा, "तुमची ओळख कशी करून देऊ?" जे उत्तर मिळेल तेच फिल्मच्या शेवटच्या पाटीपर्यंत चालवा.

कायदा त्या देशाचा, त्या वर्षाचा

आशियात हे चित्र सारखं हलतं. ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. त्याच आकड्याचं कलम पाकिस्तान आणि बांगलादेशच्या कायद्यात राहिलं. सिंगापूरने आपलं ३७७-अ २०२२ च्या अखेरीस संसदेत रद्द केलं. तैवानमध्ये २४ मे २०१९ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून. नेपाळात २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिल्या अशा लग्नाची नोंद झाली. भारतात त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात शरियत कायद्याखाली जाहीर फटके मारले जातात.

पण कायद्याचं पुस्तक वाचून धोका कळत नाही. आपल्याकडे पळून आलेल्या दोन मुलींना कायदा गुन्हेगार ठरवत नाही, तरी त्यांच्या घरचे बेपत्ता असल्याची किंवा अपहरणाची तक्रार देऊन पोलिसांना मागे लावू शकतात. अशा जोडीच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी तुम्ही दाखवली, तर पत्ताच दिल्यासारखं आहे. ढाक्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये समलिंगी लोकांसाठी मासिक चालवणारे झुल्हाज मन्नान यांची घरात घुसून हत्या झाली. म्हणून स्थानिक वकिलाशी बोला, पण त्याहून आधी तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्थेतल्या माणसाशी बोला. "गेल्या सहा महिन्यांत इथे काय झालं?" हा प्रश्न विचारा.

पहिल्या भेटी कॅमेऱ्याशिवाय

किमान चार-पाच भेटी नुसत्या गप्पांच्या. चहा प्या, त्यांच्यासोबत बाजारात जा, डॉक्टरकडे रांगेत बसा. या भेटींत तुमचीही परीक्षा चालू असते. तुम्ही कोण, लग्न झालंय का, हे कशासाठी करताय, असे प्रश्न येतील. खरी उत्तरं द्या.

हिजडा समाजात काम करणार असाल तर गुरूला आधी भेटा. चेल्याने परस्पर मुलाखत दिली तर जमातीत दंड भरावा लागू शकतो, आणि तो तुम्ही नव्हे, चेला भरतो. दुभाषा घ्यायचा असेल तर तो त्याच वस्तीतला आहे का, कोणाचा नातलग आहे का, हेही पाहा. काही वेळा बाहेरगावचा, भाषेत थोडा अडखळणारा दुभाषाच जास्त सुरक्षित ठरतो.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुलाखतीची किंमत देऊ नये, पण बुडालेली कमाई जरूर द्यावी. जी बाई दिवसभर मंगतीला म्हणजे पैसे मागायला जाते किंवा बधाईला, म्हणजे लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद द्यायला जाऊन नाचते, तिचा अख्खा दिवस आपण फुकट घ्यायचा आणि वर तिच्या गरिबीवर फिल्म करायची, हे मला पटत नाही. रक्कम शूटच्या आधी ठरवा आणि ती काय बोलते याच्याशी तिचा संबंध ठेवू नका.

संमती एकदा घेऊन संपत नाही

नवखे लोक इथेच घाई करतात. एक छापील फॉर्म, खाली सही, झालं. मी संमती तीनदा घेते: शूटच्या आधी, त्या दिवसाचं शूट संपल्यावर, आणि रफ कट म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी दाखवल्यानंतर. तिसरी सगळ्यात खरी. आपण किती बोलून गेलो हे माणसाला पडद्यावर पाहिल्यावरच उमगतं.

"तुमची हरकत नाही ना?" असं मोघम विचारू नका. चित्र उभं करा. ही फिल्म परदेशातल्या महोत्सवात लागली तर चालेल? तुमच्याच शहरात? टीव्हीवर? यूट्यूबवर? ट्रेलरमध्ये तुमचा आवाज, पोस्टरवर चेहरा? त्यातली वीस सेकंदांची क्लिप कोणी कापून तुमच्या काकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं येऊ शकतं आणि ते वेगळंच लिहून ठेवायचं. एखाद्या देशात फिल्म दिसणार नाही अशी तांत्रिक सोय करता येते, पण ती तोडणं सोपं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगा.

माघारीची तारीख लिहून द्या. "एडिट कायमचं पक्कं होण्याच्या या दिवसापर्यंत तुम्ही कारण न देता बाहेर पडू शकता." त्यानंतर काय परत घेता येईल आणि काय नाही, तेही त्याच कागदावर हवं. जिथे समलिंगी असणंच गुन्हा आहे तिथे मात्र हा कागदच पुरावा ठरतो. तिथे खरी नावं लिहू नका. प्रत्येकाला टोपणनाव द्या आणि कोण कोणतं याची यादी फुटेजपासून दूर, दुसऱ्या माणसाकडे ठेवा.

दोन गोष्टी सहज निसटतात. एक, प्रत्येकाच्या गोष्टीत दुसऱ्या कोणाचं तरी गुपित असतं. कॉलेजातला मित्र, आधीची जोडीदार, भिंतीवरच्या फोटोतला भाऊ, यांनी तुम्हाला होकार दिलेला नाही. दुसरी, प्राइड मोर्चा रस्त्यावर निघतो म्हणून तिथला प्रत्येक चेहरा तुमचा होत नाही. कोलकात्यातल्या पहिल्या मोर्चात २ जुलै १९९९ ला जेमतेम पंधरा जण चालले होते, त्या वेळच्या धाडसाची आज कल्पना करणं अवघड आहे. आजच्या हजारोंच्या गर्दीतही मुखवटा लावून येणारे असतात. क्लोजअप घ्यायचा असेल तर पुढे जाऊन विचारा. अठरा वर्षांखालच्यांचे चेहरे मी दाखवत नाही, पालकांनी हो म्हटलं तरीही.

ओळख लपवायची तर पूर्ण लपवा

माझ्या पहिल्या फिल्ममध्ये एका मुलीला आम्ही पाठमोरी बसवलं होतं. समोर खिडकी, मागून आम्ही, तिच्या कडेने येणारा सुंदर उजेड, चेहऱ्याचा मागमूस नाही. रफ कट दाखवायला लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्याच मिनिटाला ती म्हणाली, "थांबवा. तो पडदा." खिडकीचा पडदा तिच्या आईच्या जुन्या नारायणपेठ साडीचा शिवलेला होता. जांभळं अंग, लाल काठ. "माझ्या मावशीला हा काठ एका नजरेत ओळखू येईल. साडी तिनेच दिली होती." तो सगळा दिवस आम्ही फेकून दिला. चेहरा सोडून बाकी कुठे पाहायचं हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

आता शूटच्या आधी मी त्या व्यक्तीसोबतच खोलीभर नजर फिरवते. पडदा, चादर, कॅलेंडरवरचं दुकानाचं नाव, देव्हारा, गाडीच्या किल्लीचं कीचेन, हातावरचं गोंदण, अंगठी, नखं, कानाचा आकार. मग आवाज: जवळच्या मशिदीची अजान, शाळेची घंटा, शेजारच्या पोपटाची ठरलेली हाक. यांवरून जागा ओळखता येते. शक्य असेल तर मुलाखत त्यांच्या घरी न घेता तिसऱ्याच ठिकाणी घ्या.

चेहरा नंतर धूसर करू, या भरवशावर शूट करू नका. हलका ब्लर कधी कधी उलगडता येतो, आणि मूळ फाइलमध्ये चेहरा राहतोच. चेहरा मुळात फ्रेममध्येच न येणं उत्तम: हात, पाय, सावली, काचेतलं अस्पष्ट प्रतिबिंब, रिकामी खोली. आवाजाची पट्टी बदलणं हाही कच्चा उपाय, कारण ती परत मूळ पट्टीवर आणता येते. तेच शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून पुन्हा रेकॉर्ड करा आणि तसं फिल्ममध्ये सांगा. रशियातल्या चेचन्यातून पळालेल्या समलिंगी लोकांवरच्या २०२० च्या एका माहितीपटात संगणकाच्या मदतीने स्वयंसेवकांचे चेहरे त्यांच्या चेहऱ्यांवर बसवले होते. डोळ्यांतले भाव टिकले, माणूस लपला. आपल्याला ते तंत्र परवडेलच असं नाही, पण त्यामागची दृष्टी घेता येते: लपवलेला माणूस प्रेक्षकाला गुन्हेगारासारखा दिसता कामा नये. काळा ठिपका आणि घोगरा आवाज यांनी नेमकं तेच होतं.

शूट करताना

साधनांबद्दल थोडक्यात. चांगला फोन किंवा साधा मिररलेस कॅमेरा, कॉलरला लावायचा एक लॅपल माइक, एक रेकॉर्डर, हेडफोन. पैसे आवाजावर घाला. चित्र थोडं कमी-जास्त चालतं, न कळणारं बोलणं चालत नाही. छोटी टीम ठेवा. तिसरा माणूस खोलीत आला की बोलणं बदलतं.

काही शॉट इतके वापरून झालेत की मी ते घेतच नाही: आरशासमोर लिपस्टिक, सिग्नलवरची टाळी, संथ गतीत फडकणारा इंद्रधनुषी झेंडा. तमिळनाडूत कूवागम गावी तिरुनंगैंच्या उत्सवाला दर चित्तिरै महिन्यात कॅमेऱ्यांची एवढी झुंबड असते की तिथे आणखी एक लेन्स नेण्याआधी आपण वेगळं काय पाहणार आहोत हे स्वतःला विचारावं. नळाला पाणी आल्यावरची धावपळ, हप्त्याचा मेसेज, रिमोटवरून भांडण, यांत आयुष्य दिसतं.

"तुम्हाला कधी कळलं?" हा प्रश्न त्यांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो आणि त्याचं उत्तर पाठ असतं. "काल संध्याकाळी काय केलंत?" इथून सुरुवात करा. जुनं नाव, शस्त्रक्रिया, शरीर याबद्दल आपण विचारायचं नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं.

मी एकदा साठीला आलेल्या दोन पुरुषांकडे शूट करत होते. अठ्ठावीस वर्षं एकत्र, शेजाऱ्यांच्या लेखी मावसभाऊ. प्रेम हा शब्द दोघांच्याही तोंडून येत नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा एकाने ताट पुसताना ते उलटं केलं. मागे ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: दोघांची नावं, मध्ये 'व', खाली घर घेतलं ती तारीख. "भांडीवाल्याने विचारलं, लग्नाचा आहेर का? मी हो म्हटलं." त्यांचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरत राहिला. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात चांगला शॉट होता, आणि त्यात दोघांची खरी नावं होती. संध्याकाळी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आई आहे तोवर नको." शॉट फिल्ममध्ये गेला नाही.

फुटेज सांभाळा

फोनवर लोकेशन बंद करूनच शूट करा, नाहीतर प्रत्येक फाइलमध्ये जागेची नोंद बसते. दिवस संपला की कार्डवरचं सगळं कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड डिस्कवर घ्या, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, मग कार्ड पुसा. फाइलींना माणसांची नावं देऊ नका. ज्यांची ओळख लपवायची आहे त्यांचं मूळ फुटेज एडिटरलाही देऊ नका, चेहरा झाकून पक्की केलेली प्रतच द्या. सीमा ओलांडताना डिस्क सोबत नसेल तर उत्तम. चार्जर घ्यायला विसरू नका हे जितकं सवयीने होतं, तितक्याच सवयीने हे सगळं व्हायला हवं.

एडिट आणि प्रदर्शन

एडिटला बसल्यावर समाजातल्या किमान दोन माणसांना रफ कट दाखवा, फिल्ममध्ये नसलेल्या. कुठे दया येतेय, कुठे चेष्टा होतेय, हे त्यांना लगेच दिसतं. रडण्याचा शॉट वापरताना थांबा: तो नसला तर प्रसंग कळत नाही का? बहुतेक वेळा कळतो.

भारतात जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, म्हणून पहिली पावलं तिथेच टाकली जातात. मुंबईत २०१० पासून चालणारा कशिश हा एलजीबीटी चित्रपट महोत्सव, १९८९ मध्ये सुरू झालेला हाँगकाँगचा समलिंगी चित्रपट महोत्सव, माहितीपटांसाठी मुंबईचा मिफ आणि जपानचा यामागाता. पण महोत्सव म्हणजे सुरक्षित जागा असं धरून चालू नका. जकार्तातल्या क्यू या एलजीबीटी चित्रपट महोत्सवाच्या दारात २०१० मध्ये कट्टरपंथीयांनी निदर्शनं केली होती. आणि ऑनलाइन टाकलेली फिल्म टिकेलच असंही नाही. समलिंगी मुलांच्या आयांवर चीनमध्ये फान पोपो यांनी २०१२ मध्ये केलेला माहितीपट तिथल्या व्हिडिओ साइटवरून गायब झाला, तेव्हा त्यांनी २०१५ मध्ये थेट नियामक संस्थेवरच खटला भरला. संस्थेने सांगितलं, आम्ही असा आदेश दिलाच नव्हता.

पहिला खेळ शक्यतो फिल्ममधल्या माणसांसाठी ठेवा, बंद दाराआड. नंतर प्रत्येकाला त्याच्या फुटेजची प्रत विचारून द्या. काहींना ती हवी असते, काहींच्या घरात ती ठेवणंच धोक्याचं असतं.

प्रदर्शनानंतर

तुमचा नंबर बदलू नका. प्रदर्शनानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज एक फोन, मग महिन्याला एक. कोणाला घर सोडावं लागलं तर कुठे जाता येईल, कोणता वकील, कोणती संस्था, ही यादी फिल्म लागण्याच्या आधीच तयार ठेवा. प्रोजेक्ट फाइल उघडण्याच्या स्थितीत ठेवा. कधी कोणाला काढावं लागतं, त्यासाठी. आणि कधी उलटही होतं.

गेल्या वर्षी त्या दोघांपैकी एकाचा फोन आला. आई गेली होती, तेराव्याला पंधरा दिवस झाले होते. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ते ताट आहे ना अजून तुझ्याकडे? घाल आता." कुलूपबंद डिस्क शोधून, जुनं प्रोजेक्ट उघडायला दोन दिवस लागले. नवी आवृत्ती अकरा सेकंदांनी मोठी आहे.